भार पेलणारी रेघ

हिरोशिगे या जपानी चित्रकाराचं 'ओहाशी पूल आणि आताके : अचानक आलेली सर' हे चित्र जगभर ओळखलं जातं ते त्यातल्या पावसासाठी, आणि ते रास्तच आहे. असा पाऊस फार थोड्या चित्रकारांना साधला. मी मात्र हे चित्र जितक्या वेळा पाहिलं तितका मला त्यातला पूल अधिक आवडत गेला. सगळी सर त्याच्या अंगावर कोसळते आहे, सगळी माणसं त्याच्या भरवशावर धावताहेत आणि तो आपलं काम करतो आहे. पुलाला असं भार वाहताना पकडायचं, ही जपानी लाकडी ठशांच्या छापचित्रांची खास नजर आहे. पुढे लोखंड, पोलाद आणि काँक्रीट आलं. तेव्हा तिथल्या इंजिनिअरांनी ज्या ज्या गोष्टींचा हिशेब मांडला, त्यांतल्या कितीतरी या चित्रकारांनी आधीच डोळ्यांनी टिपून ठेवल्या होत्या.

चित्र १८५७ सालचं. 'एदोची शंभर प्रसिद्ध दृश्यं' या मालिकेतलं. एदो म्हणजे आजचं टोकियो. १८५५च्या भूकंपाने हे शहर हादरलं होतं आणि १८५६ मध्ये मालिका निघू लागली तेव्हा ते पुन्हा उभं राहत होतं. हिरोशिगे १८५८ मध्ये वारला. म्हणजे हे त्याच्या शेवटच्या काळातलं काम. चित्रातला पूल सुमिदा नदीवरचा शिन-ओहाशी. पलीकडे दिसतो तो आताकेचा काठ. शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याच्या, नौका ठेवण्याच्या जागा तिथे होत्या आणि 'आताकेमारू' नावाच्या प्रचंड युद्धनौकेवरून त्या भागाला नाव पडलं.

कागद उभा आहे, साधारण ३६ सेंटिमीटर उंच आणि २४ रुंद. पूल ही आडवी वस्तू. तिला उभ्या कागदात बसवायचं तर चित्रकारापुढे दोन वाटा होत्या : पूल लहान करून दूर ठेवायचा, किंवा कापायचा. हिरोशिगेने तो कापला. पुलाची दोन्ही टोकं चौकटीबाहेर आहेत. माणसं कुठून निघाली आणि कुठे पोचणार हे आपल्याला दिसत नाही, त्यामुळे आपण काठ विसरतो आणि थेट नदीच्या मध्यावर, उघड्यावर येऊन पडतो. पिवळसर तपकिरी फळ्यांची ती कमानदार वाट हाच काय तो चित्रातला उबदार रंग. बाकी सगळीकडे निळा आणि करडा. निळा आहे तो प्रशियन निळा. बर्लिनमध्ये सापडलेला हा रंग डच व्यापाऱ्यांमार्फत जपानला पोचला आणि १८३०च्या सुमारास तिथल्या छापचित्रांचं पाणी आणि आभाळच त्याने बदलून टाकलं.

पुलाखाली पाहा. लाकडी खांबांच्या रांगा, त्यांना घट्ट धरणारी आडवी लाकडं, वर तुळया, तुळयांवर फळ्या. घाईत पाहणाऱ्याला ही नुसती नक्षी वाटेल, पण वरचं ओझं कुठल्या वाटेने नदीच्या तळापर्यंत उतरतं ते इथे सरळ वाचता येतं. खांब सुटे ठेवले असते तर प्रवाहाने एकेक करून वाकवले असते; आडव्या लाकडांनी त्यांची रांग एकजीव होते. पूल मध्यभागी उंच आहे त्यालाही कारण आहे. सुमिदा हा शहराचा मालवाहतुकीचा रस्ता होता, खालून होड्या जायच्या. चित्रातही एक माणूस ओंडक्यांचा तराफा बांबूने ढकलत निघाला आहे. त्याला आडोसा नाही, छत्री नाही. पुलावरच्यांची धावपळ आणि त्याची संथ चाल अशा दोन लयी एकाच पावसात शेजारी शेजारी चालतात.

माणसं मोजकीच, सहा-सात. छत्र्या, टोप्या आणि डोक्यावर ओढून घेतलेल्या चटईने त्यांचे चेहरे झाकले गेले आहेत. दिसतात ते वर खोचलेले कपडे, उघड्या पोटऱ्या, पुढे झुकलेली अंगं. एका छत्रीखाली दाटीवाटीने शिरलेल्यांची तर एकच आकृती झाली आहे. चेहरे नसल्यामुळे ही माणसं कुणीही असू शकतात आणि म्हणून ती आपली वाटतात. पलीकडचा काठ किंचित तिरपा आहे. पुलाची रेघ एका दिशेने आणि काठाची दुसऱ्या दिशेने कललेली. त्यामुळे सगळं चित्र हलतं राहतं. स्थिर उभा आहे तो फक्त खांबांचा सांगाडा.

आता पाऊस. त्यासाठी दोन वेगळे ठसे कोरले आणि दोन्हींवरच्या रेघांचा कल थोडा निराळा ठेवला. एकावर एक छापल्यावर त्या रेघा एकमेकींना बारीक कोनात छेदतात आणि वाऱ्याने फिरलेली सर डोळ्यांपुढे उभी राहते. हे करणं किती अवघड, ते ठसा कसा बनतो हे कळल्याशिवाय लक्षात येत नाही. रेघ लाकडात खोदायची नसते, उरवायची असते. चेरीच्या फळीवर रेघेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकायचं आणि मध्ये केसाएवढा कंगोरा उभा ठेवायचा. सुरी जरा घसरली की कंगोरा तुटला. अशा कितीतरी रेघा, वरून खालपर्यंत, न तुटता. नंतर छापणाऱ्याने ओल्या कागदामागून बारेन नावाची गोल दाबणी फिरवून प्रत्येक ठशाचा रंग उतरवायचा. कागद दर वेळी नेमका त्याच जागी बसावा म्हणून ठशाच्या कडेला खुणेच्या खाचा असतात. सगळ्यात वरचा काळा ढग तर छापणाऱ्याच्याच हातचा. ठशावर शाई कमी-जास्त पुसून तो काळोख प्रत्येक प्रतीसाठी नव्याने करावा लागे, म्हणून प्रत्येक प्रतीतला ढग वेगळा. काही प्रतींत पलीकडच्या काठाशी दोन होड्यांच्या करड्या आकृत्या आहेत, काहींत नाहीत.

१८८७ मध्ये पॅरिसला व्हॅन गॉगने या चित्रावरून तैलचित्र केलं. पूल अधिक पिवळा झाला, पाणी हिरवं होऊन फेसाळलं, भोवती इतर छापचित्रांमधून उचललेल्या जपानी अक्षरांची चौकट आली. ते चित्र जिवंत आहे, पण त्याचा पाऊस रंगाच्या फटकाऱ्यांचा आहे. मूळ चित्रातला पाऊस सुरीचा. लाकडी पुलावर पडणारा पाऊस लाकडातूनच निघालेला आहे, आणि साधन व विषय यांचं हे नातं तैलरंगात येणं शक्य नव्हतं.

पूल म्हणजे काय हे हिरोशिगेला चांगलं ठाऊक होतं. त्याच्या घराण्याकडे शोगुनच्या अग्निशमन दलातलं वंशपरंपरागत पद होतं आणि ते त्याने स्वतः सांभाळलं होतं. एदो हे आगींचं शहर, आणि आगीत नदी ओलांडता येणं म्हणजे जीव वाचणं. शहराच्या रक्षणासाठी सुमिदावर पूल मोजकेच ठेवले होते. १६५७च्या महाआगीत हजारो लोक नदीकाठी अडकून मेले. त्या आगीतल्या बळींचा आकडा एक लाखाच्या घरात सांगितला जातो. त्यानंतर र्योगोकू पूल बांधला गेला, १६९३ मध्ये शिन-ओहाशी झाला, १६९८ मध्ये एइताई. अठराव्या शतकाच्या शेवटीसुद्धा सुमिदावर एदोत पूल होते अवघे पाच. लाकडी पूल कुजतात, जळतात, वाहून जातात. त्यांची सतत डागडुजी करावी लागते. १८०७ मध्ये फुकागावाच्या उत्सवाला लोटलेल्या गर्दीखाली एइताई पूल कोसळला आणि शेकडो माणसं नदीत गेली. चित्रातल्या सहा-सात माणसांच्या पावलांमागे हा सगळा इतिहास आहे.

चित्रातल्या शिन-ओहाशीचं पुढे काय झालं? १९१२ मध्ये तिथे त्रिकोणी चौकटींचा लोखंडी पूल उभा राहिला. १ सप्टेंबर १९२३ रोजी कांतोचा भूकंप झाला आणि टोकियो पेटलं. सुमिदावरच्या काही लोखंडी पुलांचे सांगाडे टिकले, पण त्यांवरच्या लाकडी फळ्यांनी पेट घेतला. शिन-ओहाशी मात्र तगला. निर्वासितांनी पाठीवर आणलेली बोचकी पोलिसांनी टाकून द्यायला लावली, म्हणून आगीला पुलावर धरायला काही मिळालं नाही आणि त्यावर आलेली माणसं वाचली. लोक त्याला माणसं वाचवणारा पूल म्हणू लागले. त्या पुलाचा एक भाग आज आइची प्रांतातल्या इनुयामा इथे, मेइजी-मुरा या खुल्या संग्रहालयात जपून ठेवला आहे. आज नदीवर आहे तो १९७७चा, मनोऱ्यांवरून तिरप्या ताणलेल्या केबलींचा पूल. नाव तेच. लाकूड, लोखंड, पोलाद असे तीन देह बदलून एकच पूल तिथे नांदतो आहे.

भूकंपानंतर सुमिदावर जे पूल बांधले गेले त्यांत या शहराची दृष्टी फार सुंदर उतरली. पुनर्रचना खात्याच्या पूल विभागाची सूत्रं तानाका युताका यांच्याकडे होती. एकच साचा सगळीकडे वापरणं स्वस्त पडलं असतं, तरी प्रत्येक पुलाला निराळा आकार दिला गेला. १९२६चा एइताई पूल भरदार पोलादी कमानीचा. १९२८चा कियोसू पूल पोलादी साखळीवर झुलणारा. कियोसूच्या साखळीची टोकं काठावरच्या नांगरात अडकवलेली नाहीत, ती पुलाच्याच गर्डरांना बांधली आहेत. साखळीची ओढ गर्डर स्वतःच्या अंगावर घेतात. नदीपात्राच्या एका वळणावरून कियोसू पूल फार देखणा दिसतो, आणि ती जागा आहे मान्नेन पुलाजवळची. तोच मान्नेन पूल, जो होकुसाई या छापचित्रकाराने रंगवला.

होकुसाईच्या 'फुजी पर्वताची छत्तीस दृश्यं' या मालिकेत 'फुकागावातल्या मान्नेन पुलाखाली' हे चित्र आहे. हिरोशिगेने पूल वरून पाहिला, होकुसाई पाण्याच्या पातळीवर उतरला. पुलाची उंच कमान चित्राच्या वरच्या भागात ताणलेली आहे, खांबांमधून कालवा दूर पळतो आणि अगदी मागे, पुलाच्या मोकळ्या पोटातून, इवलासा फुजी दिसतो. जपानचा सर्वांत मोठा पर्वत पुलाच्या दोन खांबांमध्ये मावला आहे. कमानीचा उतार आणि पर्वताचा उतार यांचं हे संभाषण होकुसाईने मुद्दाम घडवून आणलं. पुलावर माणसांची वर्दळ आहे, खाली एक जण गळ टाकून निवांत बसला आहे. इथे पूल खिडकी झाला आहे. बांधकामाचं सौंदर्य जितकं त्याच्या लाकडात, तितकंच त्याने मोकळ्या सोडलेल्या जागेत, हे या चित्राइतकं स्वच्छ मला कुठल्या पाठ्यपुस्तकातही दिसलेलं नाही.

पुलांवर होकुसाईची स्वतंत्र मालिकाही आहे : १८३४च्या आसपासची, ११ चित्रांची. त्यात केव्हाच नाहीसे झालेले पूल आहेत, होड्या एकमेकींना बांधून केलेला पूल आहे आणि हिदा व एच्चू प्रांतांच्या सीमेवरचा झुलता पूल आहे. या शेवटच्या चित्रापाशी थांबायलाच हवं. दोन कड्यांमध्ये एक अरुंद पट्टी लोंबते आहे. कठडा नाही. पाठीवर ओझी घेतलेली दोन माणसं त्यावरून चालली आहेत. खाली धुकं, धुक्यातून वर आलेले झाडांचे शेंडे, पक्षी. बाजूच्या कड्यावर हरणं. माणसं जिथे आहेत तिथे पट्टी खोल वाकली आहे. एका रेघेचा तो बाक पाहताच आपल्याला त्या दोघांचं वजन कळतं, ओझ्याचंसुद्धा. खरा पूल हुबेहूब असा असणार नाही. आधार फारच तोकडे दाखवले आहेत. पण जे सत्य आहे ते होकुसाईने बिनचूक पकडलं : दोर दाबाला उभा राहत नाही, तो फक्त ताणला जातो, आणि भार पेलण्यासाठी त्याला वाकावंच लागतं. हा बाक म्हणजे दोराचं बळ.

याच मालिकेत सुओ प्रांतातला किंताई पूल आहे, इवाकुनीच्या निशिकी नदीवरचा. नदी पुराची, म्हणून पूल टिकेना. मधल्या बेटांवर टेकणाऱ्या पुलाचं चित्र तिथल्या सरदाराने, किक्कावा हिरोयोशीने, एका चिनी पुस्तकात पाहिलं आणि नदीत दगडी बेटंच उभारायची कल्पना त्याला सुचली, अशी कथा सांगतात. चित्रावरून पूल सुचावा ही गोष्ट या विषयाला फार शोभते. १६७३ मध्ये पूल झाला, पुढच्याच वर्षी वाहून गेला. मग बांधणाऱ्यांनी दगडी खांबांभोवतीचा नदीचा तळ फरसबंदी करून घट्ट केला आणि पूल पुन्हा उभारला. तो डागडुजी होत होत १९५०च्या वादळापर्यंत, म्हणजे २७६ वर्षं, टिकला. पाच गाळे, मधल्या तिन्ही कमानी प्रत्येकी सुमारे ३५ मीटरच्या. दोन्ही बाजूंच्या दगडी खांबांतून तुळया निघतात, वरची तुळई खालचीपेक्षा थोडी पुढे सरकलेली, मध्ये पाचरी, आणि माथ्यावर दोन्हीकडची लाकडं भेटतात. १९५३ मध्ये तो परत बांधला गेला आणि २००१ ते २००४ या काळात, पाणी कमी असताना, तीन हिवाळ्यांत पुन्हा नव्या लाकडाने घडवला. नव्या सुतारांच्या हातांना ही जोडणी कळावी, हेही या पुनर्बांधणीचं मोठं फळ. झिजलेल्या ठशाच्या जागी नवा ठसा कोरून चित्र जिवंत ठेवतात, त्या परंपरेचं हे नदीवरचं रूप.

आता आकाशी सामुद्रधुनीवर येऊ. कोबे आणि आवाजी बेट यांना जोडणारा आकाशी काइक्यो पूल ५ एप्रिल १९९८ रोजी खुला झाला. त्याचा मधला गाळा १९९१ मीटरचा, आणि २०२२ पर्यंत झुलत्या पुलांमध्ये तो जगात सर्वांत लांब होता. आराखड्यात हा गाळा १९९० मीटरचा होता. जानेवारी १९९५ मध्ये कोबेचा भूकंप झाला तेव्हा मनोरे उभे होते, केबल ओढून झाल्या होत्या, रस्त्याचा भाग बसवायचा होता. जमीन सरकली, मनोऱ्यांमधलं अंतर जवळपास एक मीटरने वाढलं. इंजिनिअरांनी पुढचे गर्डर नव्या मापाने केले आणि काम चालू ठेवलं. केबलीचा बाक होताच. त्याने ते वाढलेलं अंतर सामावून घेतलं. होकुसाईच्या त्या वाकलेल्या पट्टीत जी समज आहे तीच इथे पोलादात आहे. एका मुख्य केबलीत ३६,८३० तारा, प्रत्येक तार जेमतेम ५ मिलिमीटर जाडीची. सगळ्या मिळून केबलीचा व्यास १.१२ मीटर. जवळपास ३०० मीटर उंचीचे मनोरे दोन्ही ओळंब्यात उभे आहेत, पण पृथ्वीच्या गोलाईमुळे त्यांची शिखरं तळापेक्षा ९३ मिलिमीटर दूर पडतात.

या पुलाचा खरा शत्रू वारा. मोठ्या गाळ्याचा पूल वाऱ्याने फडफडू लागला तर स्वतःलाच तोडून घेतो. म्हणून त्सुकुबा इथे ४० मीटर लांबीची, शंभर पट लहान प्रतिकृती करून ती वाऱ्याच्या बोगद्यात तपासली. रस्त्याखाली भरीव पेटीऐवजी वारा आरपार जाईल असा त्रिकोणी चौकटींचा सांगाडा ठेवला, रस्त्याच्या काही भागात जाळ्या बसवल्या, मनोऱ्यांमध्ये डोलणं शमवणारे लोलक टांगले. हिरोशिगेने दोन ठशांवरच्या रेघांना थोडा निराळा कल देऊन वाऱ्याची दिशा दाखवली. इथे वाऱ्याच्या दिशेवरून पुलाचा आकार ठरला. दोघांनीही वाऱ्याला पुलाइतकंच महत्त्व दिलं.

सुमिदाच्या मुखाशी सुरू झालेला एक धागा थेट आपल्या दारात येतो. 'एदोची शंभर दृश्यं' या मालिकेत एइताई पुलाखालून दिसणाऱ्या त्सुकुदा बेटाचं रात्रीचं चित्र आहे. त्या बेटाला लागूनच इशिकावाजिमा. तिथे १८५३ मध्ये, म्हणजे हिरोशिगे मालिका काढण्याआधी तीनच वर्षं, जहाजं बांधण्याचा कारखाना निघाला. आजची आयएचआय ही कंपनी त्याच कारखान्याचा वारसा सांगते. १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या आपल्या अटल सेतूचा शिवडीकडचा टप्पा लार्सन अँड टुब्रोबरोबर याच समूहाने बांधला, आणि सेतूसाठी कर्ज जपानच्या जायका या संस्थेने दिलं. २१.८ किलोमीटरच्या त्या सेतूवर जहाजांच्या वाटेसाठी जिथे लांब गाळे हवे होते तिथे पोलादी डेक वापरला आहे. सर्वांत लांब गाळा १८० मीटरचा. होड्यांसाठी शिन-ओहाशीची पाठ उंचावली होती. इथे त्याच गरजेने गाळे लांबवले.

शेवटी पुन्हा टोकियोत, निहोनबाशीपाशी. १६०३चा हा पूल म्हणजे तोकाइदो महामार्गाचा आरंभबिंदू. हिरोशिगेच्या तोकाइदो मालिकेतलं पहिलं चित्र इथलं : पहाट, पुलाच्या चढावरून सरदाराचा लवाजमा वर येतो आहे, पुढ्यात मासळीच्या पाट्या घेतलेले विक्रेते, आणि या सगळ्यांवर तांबूस होत जाणारं मोठं आभाळ. आजचा दगडी, दोन कमानींचा पूल १९११चा. १९६४च्या ऑलिंपिकची तयारी चालली असताना, १९६३ मध्ये, त्याच्या अगदी डोक्यावरून द्रुतगती मार्ग नेला गेला. रहदारी सुटली, आभाळ गेलं. आता तो मार्ग भुयारातून नेण्याचं काम सुरू आहे आणि २०४० पर्यंत वरचा सांगाडा पूर्ण हटवायचा बेत आहे. शहराच्या मध्यात, नदीच्या कडेने बोगदा खणणं हे पूल बांधण्याइतकंच कठीण आणि खर्चिक काम. खालच्या जुन्या पुलाला त्यातून एक वाहनही जास्त मिळणार नाही. त्याला मिळेल ते फक्त त्याचं आभाळ. हिरोशिगे आणि होकुसाईच्या चित्रांत पूल कधी एकटा नसतो. पाऊस, पर्वत, वारा, पहाट यांच्यासकटच तो पुरा होतो. ही गोष्ट ओळखून एका शहराने तिच्यासाठी एवढी वर्षं आणि एवढा पैसा द्यायचं ठरवलं. या छापचित्रांचं याहून चांगलं रसग्रहण माझ्या माहितीत नाही.